थरथरत्या हाती कात्री नाही

बसच्या रांगेत पुढे दोघी बहिणी बोलत होत्या. मागे उभ्या एका नर्सबाईंनी कान टवकारले.

“ताई, कारखान्यात सगळ्यांनी राजीनाम्यावर सह्या केल्या म्हणे. तू?”

“नाही केली.”

“घाबरली नाहीस?”

“घाबरले की! हात लटलटत होते, म्हणूनच नाही केली. वीस वर्षं कापड बेततेय मी. हात थरथरत असला की कात्री खाली ठेवायची, हा आमचा नियम.”

“साहेब काय म्हणाले?”

“‘आत्ताच्या आत्ता सही करा.’ म्हटलं, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. कागद घरी नेते, डोकं थंड झालं की वाचते, मग बघू.”

“आणि तुझ्या हातातलं हे पेन कुणाचं?”

“त्यांचंच. सकाळपासून सही मागत होते, आता पेन मागत बसू देत!”