तांब्यावरचा इंग्रजी आशीर्वाद

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, आयाबहिणींनो, केळझर-हिंगणीहून हातातली कामं टाकून आलेल्या गिऱ्हाइकांनो. गिऱ्हाईक म्हटलं म्हणून रागावू नका. बाबा तुम्हाला पाहुणे म्हणायचे. मला ते अजून जमत नाही.

मला बोलता येत नाही. बारा वर्षं काउंटरच्या आत उभं राहून मी 'कुकर किती लिटरचा दाखवू' एवढंच बोलत आलोय. आणि आज जे सांगायचं आहे, ते शोकसभेत सांगायचं की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण आज तोंड उघडलं नाही तर कधीच उघडणार नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी आमच्या दुकानातलं भांडं आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. सगळ्यांच्याच घरी आहे. लग्नाची भांडी आमची, बारशाची वाटी आमची. बाबा ते नाव टाकायचं मशीन घेऊन बसायचे, कर्रकर्र आवाज करत नाव कोरायचे. आणि नावाखाली, कुणी न मागता, तीन शब्द. गेट अ लाइफ.

त्याचा अर्थ बाबांनी तुम्हाला काय सांगितला होता? आयुष्य लाभो. बरोबर? आत्ता काकाही याच माइकवरून म्हणाले, दादाचा तो इंग्रजी आशीर्वाद आता कोण देणार?

मंडळी, तो आशीर्वाद नाही.

एखादा माणूस एकाच गोष्टीला चिकटून बसला, त्याला दुसरं काही सुचेनासं झालं, की वैतागून त्याला असं म्हणतात. तुला स्वतःचं काही आयुष्य आहे की नाही? जा, जग जरा. टोमणा आहे तो. तुमच्या तांब्यांवर, परातींवर, पाण्याच्या गुंडांवर टोमणा कोरलेला आहे. आणि तो टोमणा माझा आहे.

बारा वर्षांपूर्वी मी नागपूरहून नुकताच शिकून आलो होतो. मला रोपवाटिका काढायची होती. कुठे परदेशात नाही, इथे हिंगणीला. मित्राची जागा होती, पाणी होतं. मी बाबांना म्हटलं, एक दिवस दुकान बंद ठेवा, जागा बघायला चला. बाबा म्हणाले, "लग्नसराई हाये. दुकान कसं बंद ठेवू?" उन्हाळ्यात विचारलं, पावसाळ्यात विचारलं, दिवाळीनंतर विचारलं. दरवेळी तेच. शेवटी एक दिवस गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "बाबा, गेट अ लाइफ!"

बाबांनी चष्मा वर केला. "काऊन रे नित्या, काय म्हटलं तू? मले इंग्रजी नाई येत."

आणि मी घाबरलो. म्हटलं, "काही नाही बाबा. तुम्हाला आयुष्य लाभो, असं म्हटलं."

बाबांचा चेहरा काय फुलला, काय सांगू! दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला, जाईल त्याला, गेट अ लाइफ. महिन्याभरात ते भांड्यांवर गेलं. मी खोटं सांगितलं असं आता कोणत्या तोंडानं सांगणार? आणि इतका आशीर्वाद देणाऱ्या बापाला सोडून हिंगणीला तरी कसा जाणार? त्यांचा गुडघा गेला, मग आईचा दमा वाढला. मी आपला रोज सकाळी काउंटरची फळी उचलायचो, आत जायचो, फळी खाली टाकायचो. वर टांगलेल्या कढया डोक्याला लागू नयेत म्हणून मान वाकवून उभं राहायचं. आता मी रस्त्यावरही मान वाकवून चालतो. रोपं मी दुकानाच्या गच्चीवर लावली, पोचे आलेल्या पातेल्यांमध्ये. ती पातेली बाबाच बाजूला काढून ठेवायचे, आणि माझ्यासाठी जिन्यात ठेवून द्यायचे.

हायस्कूलच्या इंग्रजीच्या मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. परवा त्या घरी भेटायला आल्या. म्हणाल्या, नितीन, एक सांगायचं राहिलंय. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या घागरीवर बाबांनी तेच कोरलं, तेव्हा मॅडमनी त्यांना खरा अर्थ सांगून टाकला होता.

पाच वर्षांपूर्वी, मंडळी!

बाबा आधी हसले म्हणे. मग मशीन बंद केलं. म्हणाले, "मॅडम, पोट्टं खोटं बोललं, पन खरं तेच हाये. मी या फळीच्या आतच म्हातारा झालो. आता तेही आतच हाये. त्याले जा म्हनायची माही हिंमत नाई होत. दुकान कोन पाहीन?" आणि म्हणाले, "त्याले सांगू नका. मी आता लिहिनं बंद केलं, तं त्याले समजन का मले समजलं."

म्हणजे पुढची पाच वर्षं ते जाणूनबुजून कोरत राहिले. माझी लाज राखायला. आम्ही दोघं त्या दहा फुटांत पाठीला पाठ लावून उभे होतो, आणि दोघांनाही ठाऊक होतं.

मला आता आठवतंय. त्या पाच वर्षांत त्यांनी ते तीन शब्द मला एकदाही म्हटले नाहीत. सगळ्या गावाला म्हटले. मला नाही.

शेवटच्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाले, "नित्या, गेट अ लाइफ."

मी म्हटलं, "हो, बाबा." तुम्ही सगळे जसे हसून 'हो शेठजी' म्हणायचे ना, तसंच. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत.

काका, तुम्ही आत्ता सांगितलंत, परवापासून नितीन गल्ल्यावर बसन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हात जोडले. मला माफ करा. बाबांनी घेतलेल्या लग्नाच्या ऑर्डरी मी पुऱ्या करीन. नावं मीच टाकीन. शेवटचं भांडं गेलं की फळी खाली पडेल, आणि मी बाहेरच्या बाजूला असेन. आईला मी हिंगणीचं विचारलं आहे. तिनं नुसतं विचारलं, "हिंगणीले हवा चांगली हाये ना?"

आता सगळ्यांनी थोडा वेळ उभं राहू या. कुणी काही बोलू नका. मला मात्र एक उत्तर पुन्हा द्यायचं आहे. त्या दिवशी मी ते न समजता दिलं होतं.

हो, बाबा.