टोकियोतला एकच भगवा दिवा

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो. आपल्या माणसाचं कौतुक तुम्ही कुठं ठेवता? मनात? वा! आणि मनातलं त्याला ऐकू कसं जायचं हो?

कराडचे भार्गवराव मुळ्ये. भजनी मंडळात चाळीस वर्षं टाळ! कुणी अर्धी मात्रा चुकला की असे डोळे वटारायचे, की पुढचा अभंगच विसरायचा बिचारा. घरात लेक शाल्मली गायची. तिलाही तेच – "सूर लागला नाही." लेकीनं गाणं सोडलं, शिकली, टोकियोला नोकरीला गेली, आणि सहा वर्षं घरी फिरकली नाही! शेवटी भार्गवराव स्वतःच गेले. एवढंच विचारायचं होतं, की दिवाळीला येशील का? आठ दिवस झाले, तोंडातून शब्द फुटेना. निघायच्या आदल्या दुपारी लेकच म्हणाली, गाण्याच्या कार्यक्रमाला चला.

गेले. बघतात तो काय – स्टेजवर झालरीच्या फ्रॉकातल्या सात पोरी गात उड्या मारताहेत, नि खाली दोन हजार बाप्ये हातात रंगीत दिवे घेऊन उभे! थिल्लरपणा सगळा, भार्गवराव मनात म्हणाले. पण कान टाळकऱ्याचा ना! ओळ संपली की दोन हजार गळे नेमक्या जागी गाणाऱ्या पोरीचं नाव घेतात, एकही बेताल नाही. आमच्या मंडळात बारा जण, त्यात चौघांच्या चार तऱ्हा. हसू नका, ते चौघं इथंच बसलेत.

शाल्मलीनं त्यांच्याही हाती दिवा दिला. बटण दाबलं की रंग बदलायचा. भार्गवरावांनी दाबत दाबत भगवा आणला नि थांबले. आपल्याला दुसरा रंग कशाला? पण मंडळी, तिथली रीत अशी, की प्रत्येक पोरीचा रंग ठरलेला. जो रंग धराल, तिचे तुम्ही भक्त! भगवा होता अगदी कडेच्या पोरीचा. तिला कुणी विचारत नव्हतं. सगळीकडे गुलाबी नि निळं, त्यात भगवा एकच.

पोरीनं तो पाहिला. तिच्या वाट्याला गाण्यातली एकच ओळ होती. ती तिनं भार्गवरावांकडे बघून म्हटली, आणि रडू आल्यामुळं सूर पार घसरला. आता वटारणार डोळे! पण नाही. भार्गवरावांनी दिवा उंच धरला नि मोठ्यानं म्हणाले, "वा! वा, पोरी!"

शाल्मली त्यांच्याकडे वळली.

"बाबा, तिचा सूर चुकला."

"कळलं मला."

"मग 'वा' कसं म्हणालात?"

भार्गवरावांनी दिवा बंद केला. बाहेर आल्यावर, स्टेशनच्या वाटेवर, ते हळूच म्हणाले, "शाल्मली, उद्या मी जातो. त्याआधी एकदा गातेस?"

ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "आता गाता नाही येत, बाबा."

दिवाळीचं विचारायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी ते एकटे विमानात बसले.

का हो, गप्प का झालात? परक्या पोरीला 'वा' म्हणायला ते टोकियोपर्यंत गेले. तुम्हाला तर नुसतं घरी जायचंय! स्वयंपाकघरात कुणी गुणगुणत असेल. सूर तपासू नका, 'वा' म्हणा. आधी ते करा, मग इथं येऊन टाळ्या वाजवा. तोवर तुमच्या टाळ्या देवाला पोचत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो!