नवरीच्या अंगाला न लागलेली हळद

शालन : एक बोट तरी लावू द्या, मैनाबाई. अनिरुद्धची उष्टी हळद नवरीला न लावता परत न्यायची का आम्ही कोथरूडला?

मैना : न्या की. वाटी चांगली हाय, घासून ठेवा.

शालन : बायका काय म्हणतील? आमच्या घरची हळद तुमच्या नातीला चालत नाही?

मैना : तिच्या कातडीला न्हाय चालत. फोडांचा आजार हाय तिला. भलतंसलतं लागलं की मान, काखा फोडांनी भरतात. उद्या बोहल्यावर बसंल कशी?

शालन : म्हणजे लग्न ठरवताना लपवलंत!

मैना : ऋतिकानं पहिल्याच भेटीत तुमच्या लेकाला मान दाखवली. त्यानं आईला सांगितलं नसंल, तर त्याचा कान धरा. माझ्या दारात आवाज नको.

शालन : संसर्गाचं आहे का काही?

मैना : रक्तातलं हाय. माझ्याकडनं तिच्या बापाला, त्याच्याकडनं तिला. चाळीस वर्षं हे अंग घेऊन मंडईत भाजी विकली मी. घरी मालकांना कधी लागलं न्हाय, मंडईत गिऱ्हाइकाला न्हाय.

शालन : पण ही हळद मी स्वतः कांडलीये हो. भेसळ नाही.

मैना : ठाऊक हाय. मागल्या आठवड्यात चिमूटभर मागून नेली न्हवती का?

शालन : देवापुढे ठेवायला म्हणालात!

मैना : डॉक्टरीणबाईंपुढं ठेवली. म्हणल्या, पाठीवर पट्टी लावून बघू. ऋतिका पाठ पुढं करून बसली. मी म्हणलं, नवरीला हात लावायचा न्हाय, आजार एकच हाय, आधी माझ्यावर बघा. पट्ट्या भिजू नयेत म्हणून दोन दिवस बिनआंघोळीची बसले. हे घ्या, बघा.

(मैनाबाई पाठीवरचा पदर बाजूला करतात.)

शालन : अगं बाई! केवढे फोड हे!

मैना : वरच्या पट्टीत नुसतं तेल लावलं होतं, तिथं काय न्हाय. खालच्या पट्टीत तुमची हळद.

शालन : आग होत असेल...

मैना : होती. पोरीच्या वाटचं माझ्यावर निभावलं.

शालन : पदर घ्या नीट, वारं लागेल. ...असं करू का? तिच्या पदराच्या टोकाला लावते. अंगापासून लांब धरायला हवा पण.

मैना : मी धरते. ऋतिका, ये गं बाहेर!

शालन : भारीतली साडी दिसतेय. डाग जायचा नाही हो.

मैना : जायला कशाला पायजे? चांगली चार बोटं लावा.