मी काही विचारलं नाही

...नाही, पण मला सांगा, साठ पोरांची शाळेची बस मी रोज चालवते, बर्फात चालवते, धुक्यात चालवते, मागे कोण कुणाच्या टोपीत दूध ओततंय ते मला आरशात न बघता कळतं, नुसती मान वळवली की अख्खी बस चिडीचूप... आणि त्या मला, लोर्ना टॉलेफसनला, माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या पोरीला "कसं झालं गं?" एवढे तीन शब्द विचारायची बंदी! वर्षभर! आणि मी पाळली हो. जीभ चावून चावून अर्धी झाली, पण मी काही विचारलं नाही.

बंदी कुणी घातली म्हणता? डेस्मंडने! हा डेस्मंड पोरीचा शिकवणीचा गुरू, न्यूयॉर्कला बसतो आणि तिथून फोनच्या पडद्यावर आमच्या आल्बर्ट ली गावच्या पोरीला नटी करतो. आमच्या ब्रिटाला संगीत नाटकाच्या कॉलेजात जायचंय ना! आता मिनेसोटात साधी कॉलेजं काय कमी आहेत? अर्ज केला की घेतात, वर कॉलेजच्या नावाची टोपी देतात. पण नाही! हिला गाणं, नाच, अभिनय, तिन्ही एकदम शिकवतात तिथेच जायचंय, आणि तिथे येतात हजार पोरी नि घेतात दहा. चार वर्षांची असल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही हो. दुसरं काही असतं तर मी एवढी घाबरले नसते. तर हा डेस्मंड पहिल्याच दिवशी, मान तिरकी, डोळे मिटलेले, "लोर्ना... या प्रवासात तुमची भूमिका ड्रायव्हरची. ड्रायव्हर विचारत नसतो. कसं झालं, हे तर कधीच नाही." अरे बाबा, मी ड्रायव्हरच आहे! मला कसली ड्रायव्हरची भूमिका देतोस?

बरं, आधी घरून व्हिडिओ पाठवायचे. ते पसंत पडले तर समोर बोलावणार. म्हणजे ऑडिशन द्यायला मिळावी म्हणून ऑडिशन! बैठकीत भिंतीवर निळी चादर ठोकली, आमची शेजारीण आर्डिथ क्वामी पियानोवर... ही आर्डिथ चर्चमध्ये वाजवते, ब्रिटा गुडघ्याएवढी होती तेव्हापासून हिच्या साथीने गाते. सगळं जमलं, ब्रिटाने सूर लावला, आणि तळघरातून घर गरम ठेवायची भट्टी सुरू झाली, घर्रर्र... की परत पहिल्यापासून. आता माझा नवरा कर्ट लोकांच्या भट्ट्या दुरुस्त करतो, घरं गरम ठेवणं हा त्याचा धंदा, आणि त्याने काय केलं? भर नोव्हेंबरात स्वतःच्या घरातली भट्टी बंद केली! दोन दिवस! आर्डिथ हातमोजे घालून वाजवतेय, मी पांघरुणात, आणि ब्रिटा बिनबाह्यांच्या झग्यात वसंत ऋतूचं प्रेमगीत म्हणतेय, तर तोंडातून वाफ! तेच पाठवलं. पसंत पडलं. कसं काय पडलं? मी काही विचारलं नाही.

मग जानेवारीत शिकागो. सगळ्या कॉलेजांचे लोक एकाच हॉटेलात येऊन बसतात. पलंग बाहेर काढलेली खोली, त्यात टेबल, टेबलामागे तिघं, झालं कॉलेज! आणि बाहेर बोळात पोरी... काय सांगू तुम्हाला! एक भिंतीवर पाय टाकून ताणतेय, एक पेल्यातली वाफ घेतेय, एक लिफ्टच्या कोपऱ्यात तोंड खुपसून आ-ई-ऊ करतेय, लिफ्टमध्ये एक म्हातारा बिचारा झोपायच्या कपड्यात मशीनमधला बर्फ आणायला निघालेला, तो तिसऱ्या मजल्यावर उतरून जिन्याने पळाला. आणि प्रत्येकीला तिच्या तिच्या गुरूने गुपचूप सांगितलेलं, बाळा, मोरपंखी झगा घाल, म्हणजे परीक्षकांच्या लक्षात राहशील. सगळ्या गुरूंनी हेच सांगितलेलं! अख्खा मजला मोरपंखी! त्यात माझी कुठली ते मलाच ओळखू येईना. दोनदा दुसऱ्याच कुणाच्या मुलीला मधाचं पाणी पाजलं मी. एक तर प्यायली आणि "थँक यू मॉम" म्हणाली. तिलाही कळलं नाही!

आणि गायचं किती? अर्धा मिनिट! सहा तास बर्फातून गाडी हाणली ती अर्ध्या मिनिटासाठी. मग टेबलामागून म्हणतात, "थँक यू." संपलं. खाली लॉबीत आम्ही आईबाप गालिच्यावर बसलेलो, मांडीवर कोट, आणि चर्चा कसली? त्या थँक यूची! ओहायोचा एक बाप मला गंभीरपणे सांगतो, "नावासकट थँक यू म्हणाले ना, तर आशा आहे. नुसतं थँक यू म्हणजे गेलं." त्याची बायको म्हणते, "छे हो, नावासकट म्हणजे वाईट वाटतंय म्हणून." दोघांचं भांडण जुंपलं. मग माझ्याकडे वळले, "तुमच्या मुलीला कसं म्हणाले?" मला काय ठाऊक? मी काही विचारलं नाही!

परतीचे सहा तास. शेजारी पोर खिडकीला डोकं टेकून बसलेली. मी बर्फाबद्दल बोलले. मग थोड्या वेळाने पुन्हा बर्फाबद्दल बोलले. विस्कॉन्सिन आलं तेव्हा म्हटलं, इथे आपल्यापेक्षा जरा जास्तच बर्फ आहे नाही? ती म्हणाली, "हं." तेवढ्या एका "हं"चा मी घरापर्यंत अर्थ लावत होते.

मार्च आला. आता निकाल. बरं, सगळे एका दिवशी लावून मोकळे व्हावं की नाही? नाही! आज हे कॉलेज, परवा ते, कधी संध्याकाळी, कधी भलत्याच वेळी. ब्रिटा फोन घेऊन न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी त्या नळाकडे कान लावून. नळ बंद. दार उघडलं. चेहरा धुतलेला, डोळे लाल. "जेवायला काय आहे?" आता मला दिसतंय ना हो! आंधळी आहे का मी? पण डेस्मंडचा नियम. मी म्हटलं, "सूप आहे." 

मग मला कळायचं कसं? हॉटडिशवरून! आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं ऑपरेशन झालं, की शेजारी हॉटडिश आणून देतात. खाली खिमा, वर मश्रूमचं सूप, त्यावर बटाट्याचे तळलेले छोटे गोळे रांगेत लावायचे, ओव्हनमध्ये भाजायचं. दुःख कितीही मोठं असो, पदार्थ तोच. तर ब्रिटा सगळं जाऊन सांगायची त्या आर्डिथला. का? तर ती आई नाही म्हणून! आणि दुसऱ्या दिवशी आर्डिथ दारात हजर, हातात झाकलेलं भांडं, "मी काही सांगणार नाही हं लोर्ना. मी पोरीला शब्द दिलाय. हे अर्धा तास गरम कर."

एक भांडं झालं. दोन झाली. एका आठवड्यात तीन! फ्रीजचं दार लागेना. आणि कर्ट! जेवायला बसला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणतो, "हे चांगलं झालंय." अरे, नकार आहे तो! तू नकार खातोयस, कर्ट! त्याने घास हातात तसाच धरला, बघितलं त्याच्याकडे, आणि हळूच म्हणाला, "कोणत्या कॉलेजचा?" मी काय सांगू? मी काही विचारलं नाही!

एप्रिलमध्ये एक दिवस आर्डिथने हॉटडिशऐवजी हिरवी जेली आणली, आत किसलेलं गाजर. मी चक्रावले. सॅलड म्हणावं तर गोड, गोड म्हणावं तर गाजर... हे काय नवीन? मग डोक्यात उजेड पडला. ना हो, ना नाही... वेटिंग लिस्ट! मी ती जेली छातीशी धरून स्वयंपाकघरात नाचले हो. एवढं एकच उरलं होतं, आणि एवढ्यावर सगळा जीव. कुणीतरी दहांतली एक मोरपंखी नको म्हणेल, आणि माझी आत जाईल. देवा, मी दुसऱ्याच्या पोरीने नको म्हणावं म्हणून प्रार्थना केली, चर्चमध्ये, पुढच्या बाकावर बसून!

मे महिना लागला. एके दुपारी बस लावून घरी येते तर आर्डिथ दारात. हात रिकामे! भांडं नाही, झाकण नाही, काही नाही! अहो, माझे पाय जमिनीवर राहिनात. मिळालं! मी त्या म्हातारीला कवेत घेऊन गरागरा फिरवली. ती बिचारी धापा टाकत म्हणते, "थांब गं, थांब... या वेळी केलं नाही मी काही. या वेळी माझ्याने होणार नाही, लोर्ना. तूच वर जा. पोर रडतेय. म्हणतेय, सगळीकडून नाही आलं, आणि आईने एकदासुद्धा विचारलं नाही."

धावत वर गेले. ब्रिटा पलंगावर, पाठ माझ्याकडे. "तुला काही पडलेलीच नव्हती, आई. सगळ्यांनी विचारलं. पोस्टमननेसुद्धा विचारलं. तू नुसती बर्फाबद्दल बोललीस." मी तिच्या शेजारी बसले. वर्षभर जिभेवर धरून ठेवलेले ते तीन शब्द एकदाचे सोडले. "कसं झालं गं?"

ती उठून बसली. माझ्याकडे अशी बघतेय... "कसं झालं म्हणजे? नाही झालं, आई! कुठेच नाही झालं! हे काय विचारणं झालं?" आणि माझ्या कुशीत डोकं घालून एवढी रडली, एवढी रडली, की माझा बसचा कोट भिजला. मीही रडले. खालून कर्ट ओरडतोय, "मिळालं का?" 

थोड्या वेळाने नाक पुसलं आणि म्हणते, पुढच्या वर्षी पुन्हा देणार. पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा ती थंडगार बैठक, पुन्हा शिकागो. मिळेल? मला नाही वाटत हो. खरं सांगते, तिलाही वाटत नसावं. पण गाडी घेऊन येशील ना, म्हणाली. येईन म्हटलं, मी ड्रायव्हरच आहे. आणि या वेळी, म्हणते, विचारत जा. पण फार नको.

आता फार नको म्हणजे किती... ते मी अजून विचारलेलं नाही.