चिडलेल्या हाताचं माप

सतरा नोव्हेंबर.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, समितीचे सन्माननीय सदस्य, सत्कारमूर्ती अंशकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि मित्रहो,

तारखेने सुरुवात केली म्हणून हसू नका. हे भाषण मी डायरीत लिहून आणलं आहे आणि तारीख टाकल्याशिवाय मला लिहिता येत नाही. याआधी अकरा महिने या डायरीत एक ओळ नाही. या सभागृहातही तितकेच महिने मी तोंड उघडलेलं नाही. सभेला आलो, चहा घेतला, सही केली, निघालो. त्या गप्प बसण्याबद्दल आधी क्षमा मागतो. कारण पुढे येईल.

अंशकाकांना आपण अंशकाका का म्हणतो, हे पाहुण्यांना सांगायला हवं. क्लबच्या मागच्या शेडमध्ये ते एकतीस वर्षं गोल्फच्या काठ्या माणसाच्या मापाने बांधून देत आले, आणि आज निवृत्त होतायत. लोखंडी डोक्याची काठी, म्हणजे आमची आयर्न, जमिनीवर किती कलून बसावी हे ते अंशात मोजतात. मघाशी काकू सांगत होत्या, घरात भिंतीवरचा फोटो हलला तरी म्हणतात, "दोन अंश डावीकडे गेलाय." लग्नाच्या फोटोतही म्हणे ते स्वतःच दीड अंश कललेले आहेत! काकू, हे मी सांगायचं नव्हतं का? माफ करा.

दोन वर्षांपूर्वी मी नव्या आयर्न्ससाठी त्यांच्याकडे गेलो. मी हौशी खेळाडू, आणि हौशी म्हणजे काय ते माझ्याबरोबर खेळलेल्यांना विचारा. पण विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करणारा माणूस आहे मी. मापात असलेली गोष्ट मला आवडते.

काकांची पद्धत साधी. आयर्नच्या तळाला पट्टी चिकटवायची, जमिनीवर प्लास्टिकचा पाट ठेवायचा आणि त्यावरून चेंडू मारायचा. पाट घासला की पट्टीवर खूण उमटते. खूण मध्ये आली तर काठी तुमची. टोकाकडे गेली तर काठी तुमच्यासाठी आडवी पडते आहे, ती उभी करायची.

त्या सकाळी मी घरी पाण्याचा भरलेला जग भिंतीवर फेकला होता. पत्नीच्या कानापासून वीतभर अंतरावर. कारण मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि हे मला कारणापेक्षा वाईट वाटतं. तिथून मी सरळ शेडमध्ये आलो आणि पाटावर मारत सुटलो. दहा फटके, वीस फटके. पाटाला तडा गेला. चेंडू मात्र सरळ, लांब, आजवर कधी गेले नव्हते असे. काका पट्टी बघत होते, पुन्हा बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, तीन अंश उभी. दांडा सगळ्यांत कडक." आणि हळूच विचारलं, "आज सगळं ठीक आहे ना?"

मी म्हणालो, "तुम्ही माप घ्या हो."

त्यांनी माप घेतलं. अचूक घेतलं. पण ते माझं नव्हतं, माझ्या रागाचं होतं.

नव्या आयर्न्स आल्या आणि मी शांतपणे खेळायला लागलो, तर प्रत्येक चेंडू डावीकडे, तळ्यात. कडक दांडा हातात मेल्यासारखा. एकदा पंचांशी भांडून मारला, तर सरळ झेंड्याजवळ! तेव्हा मला युक्ती सुचली. मारण्याआधी चिडायचं. अपमान आठवायचे, जुने, ताजे, जमेल ते. पुन्हा माप घ्या असं काकांना सांगायला मला कुणी अडवलं होतं का? नाही. मला तो सरळ जाणारा चेंडू हवा होता.

माझ्याबरोबर खेळायचा माझा मेहुणा, पत्नीचा धाकटा भाऊ. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे, बहिणीच्या शेजारी. त्याला ही युक्ती कळली आणि तो मदत करायला लागला.

"भावोजी, तुमचे साहेब तुम्हाला काय म्हणाले काल? कारकून?"

"गप रे."

"कारकूनसुद्धा बरा, म्हणाले!"

मी मारायचो. चेंडू सरळ. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. वर्षभर हा खेळ चालला. आम्ही जोडीच्या सामन्यांत जिंकायला लागलो. आणि घरात, मित्रहो, कपाटाची दारं आवाज न करता लागायला लागली. पत्नी भांडी एकावर एक ठेवतानासुद्धा श्वास रोखून धरायची. मी पाहिलं होतं. चौकशी करणं माझा धंदा आहे. मला दिसलं नाही, असं मी कसं म्हणू?

अकरा महिन्यांपूर्वीची चषकाची अंतिम फेरी. सातवं होल, दगडी बाकाजवळ. आम्ही दोघंच होतो, दुसरी जोडी पुढे गेलेली. माझे दोन फटके तळ्यात गेले होते. मेहुण्याने नेहमीसारखी सुरुवात केली, साहेब, कारकून, सगळं. मला राग येईना. मीच म्हणालो, "काहीतरी लागेल असं बोल ना!"

तो थांबला. मग हसत नव्हता. म्हणाला, "ताई रात्री खोलीला आतून कडी लावते, भावोजी. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपलात की. माहितीये तुम्हाला?"

चिठ्ठी मिळाली, अध्यक्षमहोदय. थोडक्यात आटोपायचं आहे, कळलं. पण एवढं ऐकावं लागेल.

मी सात नंबरची आयर्न त्याच्यावर फिरवली. त्याने हात मध्ये घातला. मनगट मोडल्याचा आवाज अगदी लहान आला, पेन्सिल मोडावी एवढा. दुसरा फटका खांद्यावर. तो म्हणाला, "भावोजी, मी आहे." तरीही मी तिसरा उचलला. तो डोक्यासाठी होता. मी इथे "रागाच्या भरात", "कळलंच नाही" असं काही लिहिलं होतं, ते सकाळी खोडलं. मला कळत होतं. मी नेम धरला होता. तो गवतावर घसरला म्हणून आयर्न त्याच्या केसांवरून गेली आणि दगडी बाकावर आदळली. तिचं डोकं मोडून बाजूला पडलं.

त्या पडलेल्या डोक्याकडे बघताना माझा राग उतरला आणि धंदा जागा झाला. पाच मिनिटांत मी जबाब रचला. "मारताना आयर्नचं डोकं निसटलं आणि त्याला लागलं." रुग्णालयात तोच सांगितला, पोलीस चौकीत तोच, समितीपुढे तोच. मेहुणा म्हणाला, "ताईसाठी गप्प बसतो. तुमच्यासाठी नाही."

आयर्नचं डोकं दांड्याला गोंदाने बसवतात. ते निसटलं, तर दोष कुणाचा? गोंद लावणाऱ्याचा. समितीने अंशकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "राहिलं असेल माझ्याकडून." इतिवृत्तात "कामात निष्काळजीपणा" असं लिहिलं गेलं. एकतीस वर्षांतले शेवटचे अकरा महिने त्यांनी फक्त काठ्यांच्या मुठीची रबरं बदलली. ज्या हातांनी अर्ध्या अंशाची चूक ओळखली, त्यांना आयर्न बांधायला बंदी.

काही दिवसांनी मी शेडमध्ये गेलो. तो तुकडा त्यांनी शिकंज्यात धरला होता.

"साहेब, गोंद सुटला तर दांडा सोलल्यासारखा स्वच्छ निघतो," ते म्हणाले. "हा मोडलाय. आणि इथे दगडाची पूड आहे."

"मग समितीला का नाही सांगितलं?"

"माप मी घेतलं होतं ना. माणूस पेटून आलाय हे पट्टीवर दिसत होतं. घरी पाठवायला हवं होतं तुम्हाला. पण तसा फटका माझ्या पाटावर कुणी मारला नव्हता, साहेब. मला मोह झाला. तो फटका काठीत बांधायचा मोह."

आणि मला काय वाटलं असेल? लाज? नाही. सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांचे आभार मानून बाहेर पडलो.

आज बोलतोय ते खरं बोलावंसं वाटलं म्हणून, की काका उद्यापासून शेडमध्ये नसतील आणि मग सांगायला कुणी उरणार नाही, या भीतीने? मला ठरवता आलेलं नाही. ठरेपर्यंत थांबलो असतो तर आणखी अकरा महिने गेले असते.

काका, मान हलवू नका. तुमचा मोह तुमच्या कामाचा होता. त्याने कुणाचं मनगट मोडलं नाही. ते मी मोडलं. गोंद पक्का होता. डोकं निसटलं नव्हतं. समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे, ते दोन शब्द आज, या सभागृहात, काकूंच्या देखत खोडावेत. सचिवांच्या खिशाला पेन दिसतंय मला.

मेहुण्या, तू उठून निघालास तरी चालेल. ताईला बरोबर ने. तिला घरी यायचं की नाही हे तिने ठरवावं, आणि मी ते विचारायलाही येणार नाही.

मला बोलायची संधी दिलीत, चिठ्ठी पाठवूनही खाली बसवलं नाहीत, त्याबद्दल आयोजकांचे आभार. सत्काराच्या दिवशी असं बोलून काकूंची संध्याकाळ मी नासवली. जमलं तर पोटात घाला. सांगण्यात काही कमीजास्त झालं असेल तर कमीच झालं असेल, त्याचीही क्षमा असावी.

पानाच्या तळाशी एक ओळ उरली आहे.

उद्या: सकाळी दहा वाजता पोलीस चौकीत जाऊन अपघाताचा जबाब मागे घेणे.