मामीनं वाचलेली जाहिरात

पेपरातल्या सरकारी जाहिरातींचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुदखेडजवळच्या खेड्यात आमचे मामा राहायचे. कोरोनात पेपरात मोठ्ठं छापून यायचं, ‘लक्षणं दिसल्यास स्वतंत्र खोलीत राहा.’ मामा पारावर ते मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, “खोली बी पेपरासंगं पाठवा म्हनावं.” लोक हसायचे.

पुढं मामांनाच ताप भरला. घर एका खोलीचं. त्यांनी आपली बाज गोठ्यात नेली आणि मामीला दाराबाहेरच थांबवलं. तापानं अक्षरं दिसेनात, तेव्हा एका सकाळी त्यांनी विचारलं, “काय म्हनून राहिलं आज सरकार?”

मामीनं पेपर उघडला आणि ओळीवर बोट फिरवत ती म्हणाली, “रोग उतरून राहिला म्हनं. गोठ्यात झोपलेली मानसं लवकरच घरात येनार हायेत.”

मामा डोळे मिटून म्हणाले, “अजून वाच.”

ती वाचत राहिली. त्याच दिवशी नांदेडला नेताना मामा वाटेतच गेले.

मामीनं शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. मी नंतर तिला विचारलं, “तुला वाचता येत नाही, हे मामा तापात विसरले होते का?”

“न्हाई रे,” मामी म्हणाली. “समदं ठाऊक होतं त्यांना. तरी ऐकत होते.”