मांगून येऊन राह्यले

(देऊळघाट. दुपारची वेळ. शेजारच्या सत्यभामाबाई ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत बसल्या आहेत. समोर कचरूभाऊ आणि बेबीताईंची मुलगी, पुण्याहून कालच आलेली महामाया.)

महामाया : मावशी, मला एवढंच सांगा. कोलंबोत आईला तुमच्यापाशी बसवून बाबा पळायला गेले होते की नव्हते?

सत्यभामाबाई : गेलते. खोटं कायले सांगू?

महामाया : आणि मग आई हरवली.

सत्यभामाबाई : हरवली असं कोन म्हनते?

महामाया : विहारातले सगळेच म्हणतात. भर उन्हात रस्त्यानं रडत चालली होती, सहलीच्या बसमधून पाहिलं त्यांनी. बाबा साठीचे, आईला विसरण्याचा आजार, आणि हे परदेशात जाऊन मॅरेथॉन पळतात. मला तर आजारही दुसऱ्यांकडूनच कळला. उद्या सकाळी मी आईला पुण्याला नेणार आहे.

सत्यभामाबाई : बापाले इचारलं?

महामाया : ते बोलत नाहीत. झालं ते झालं, म्हणतात.

सत्यभामाबाई : मलेबी त्यांनी बोलू देलं नाई. हात जोडले होते माह्यासमोर. पन आता तू न्यालेच आली हायस तं ऐकून तरी जाय. बस इथं. उन्हात उभी नको राहू.

महामाया : बसते. सांगा.

सत्यभामाबाई : तुले तं ठावंच हाय, कचरूभाऊनं तीस वर्सं एस.टी. चालवली. चार पावलं कधी पळाले नाईत. रिटायर झाले आन शुगर निघाली. डॉक्टर म्हने, चाला. हे चालता चालता पळालेच लागले. देऊळघाटातून बुलढान्यापर्यंत जात, तिकून परत. पोरं हसत. बेबीताई तेवढी हसे नाई. ओट्यावर लिंबू-पानी घेऊन उभी राहे.

महामाया : हे मला माहीत आहे. फोनवर सांगायची ती.

सत्यभामाबाई : पुढचं नाई सांगतलं तिनं. मांगच्या साली एक दिवस ते एकटीच मलकापूरच्या गाडीत बसली आन कंडक्टरले म्हने, बापू, मले कुठं जायचं हाय ते तूच सांग. कंडक्टर ओळखीचा, त्यानं परत आनून सोडलं. मग दवाखाना, डोक्याचे फोटो, सारं झालं. डॉक्टरनं सांगतलं की हे वाढतच जाईन. जिथं न्यायचं असन तिथं आताच घेऊन जा.

महामाया : आणि मला कोणी कळवलं नाही.

सत्यभामाबाई : तिनंच शपथ घातली होती. पोरीले सांगू नका, ते नोकरी सोडून येईन. तुह्या बापाले दोष नको देऊ त्याचा.

महामाया : बरं. पुढे?

सत्यभामाबाई : मग विहारातून श्रीलंकेची सहल निघाली. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, कँडीचं दंतमंदिर, आन शेवटी दोन दिवस कोलंबो. माह्या पोरानं, प्रसेनजितनं मोबाइलात पाह्यलं तं त्याच दिवसात तिथं मॅरेथॉन. कचरूभाऊ नाईच म्हनत होते. इले टाकून मी कसा जाऊ, म्हने. तुही मायच हटून बसली.

महामाया : आई?

सत्यभामाबाई : हाव. माह्यासमोर बोलली. मले तुमाले पळून येतानी पाह्यचं हाय, म्हने. डोकं जाग्यावर हाय तवरिक पाहू द्या. यावर मानूस काय बोलीन? नाव देलं त्यांनी. चार महिने घाटात चढउतार केली.

महामाया : म्हणजे आईसाठी पळाले ते.

सत्यभामाबाई : आता कोनासाठी ते मी काय सांगू. पहाटे पाचाले निघाले. आमी दोघी आठ वाजतापासून शेवटच्या कमानीपाशी खुर्च्या टाकून बसलो, डोक्यावर छत्री. आपलं ऊन कोरडं असते, तिथलं ऊन ओलं. घाम वाळतच नाई, लुगडं अंगाले चिकटून बसे. कचरूभाऊले वाटलं होतं, मे महिन्यात खामगावच्या स्टँडवर गाडी उभी करनारा मानूस मी, मले कायचं ऊन लागते. पन तीस किलोमीटरवर पोटऱ्या आखडल्या. ओकारी झाली. तिथल्या पोरांनी गाडीत बसा म्हनून हात धरला. भाषा येत नाई, तं त्यांनी नुसते हात जोडले आन लंगडत निघाले. हे मले त्यांनी मागून सांगतलं.

महामाया : आणि आई तेव्हा कशी होती?

सत्यभामाबाई : पहिल्यानं लय खुश. कोनी पांढरी टोपी दिसली का, हेच काय, हेच काय करे. दहा वाजले, मग अकरा. मानसं कमी झाली. मग ते एकदम चूप झाली. मले वाटलं थकली असन. पानी देलं, पेलं नाई. नजर निराळीच झाली होती, पन मले तवा समजलं नाई. तेवढ्यात कचरूभाऊ दिसले.

महामाया : किती वाजता?

सत्यभामाबाई : सव्वा अकराले. कमानीचं कापड सोडून राह्यले होते लोक. तोंड काळंढुस, होठावर मिठाचा थर, टोपी भिजवून खिशात कोंबलेली. कमानीतून निघाले ते सरळ आमच्याकडंच आले. हासत होते. बेबीताई उभी राह्यली, टाळ्या वाजवल्या. आपली बाटली त्याईच्या हाती देली. आन म्हने, "घ्या भाऊ, पानी प्या. लय दमले तुमी. आमच्या मायाचे बाबाबी पळून राह्यले. पांढरी टोपी हाय. वाटेत दिसले काय तुमाले?"

महामाया : माझं नाव घेतलं तिनं?

सत्यभामाबाई : तुहं नाव ध्यानात होतं तिच्या.

महामाया : बाबा काय म्हणाले?

सत्यभामाबाई : मी म्हनाले जात होती, अवं बेबी, हेच ते. त्यांनी हात खाली करून मले थांबवलं. बाटली तोंडाले लावली, दोन घोट पेले. आन म्हने, "दिसले ना. मांगून येऊन राह्यले."

महामाया : मावशी, थांबा जरा.

सत्यभामाबाई : घे, पानी घे.

महामाया : नको. सांगा तुम्ही.

सत्यभामाबाई : तिच्या खुर्चीपाशी ते खालीच बसले, जमिनीवर. आमी तिघं बसलो वाट पाहत. अर्धा घंटा झाला, पाऊन घंटा झाला. मानसं खुर्च्या उचलाले आली. बेबीताई उठेच ना. ते यायचे राह्यले, खुर्ची नेऊ नका, म्हने. मग रडाले लागली. पडले असतीन कुठं, मी पाहून येतो, म्हने, आन निघाली ज्या रस्त्यानं पळनारे आले होते त्याच रस्त्यानं उलटी.

महामाया : बाबांनी अडवलं नाही?

सत्यभामाबाई : अडवून काय सांगते तिले? कचरूभाऊ म्हने, चला बाई, मीबी येतो पाहाले. बेचाळीस किलोमीटर पळून आलेला मानूस, पाय टेकवत नव्हता. तिच्या मांगं मांगं चालला, स्वतःलेच हुडकाले. तेच पाह्यलं बसमधल्या लोकांनी. ते हरवली नव्हती, पोरी. ती त्याले शोधत होती, आन तो दोन हातावर होता.

महामाया : किती चालले?

सत्यभामाबाई : मैलभर तरी. मीबी संगं होती. मंग समुद्राच्या कठड्यावर बसली ते. कचरूभाऊ माह्या कानाशी आले, म्हने, वहिनी, इले सोडू नका. आन माह्याजवळची आपली थैली घेऊन पुढं निघून गेले. मी पाहून राह्यली, हा मानूस कुठं चालला. पुढं एक नळ होता. त्यांनी तोंड धुतलं. थैलीतला शर्ट काढून घातला. टोपी पिळली, डोक्यावर ठेवली. आन तिकून समोरून आले, जरा पळतच. त्या पायानं कसे पळाले कोनास ठाऊक.

महामाया : आणि आईनं ओळखलं?

सत्यभामाबाई : ओळखलं. इतका उशीर कसा लागला, म्हने. उन्हात बसून बसून मी अर्धी झाली. त्यांनी माफी मागितली. ते पदरानं त्याईचं तोंड पुसत होती. मंग इकडं तिकडं पाह्यलं आन मले म्हने, तो भाऊ कुठं गेला वं? चांगला मानूस होता, आपल्यासंग शोधाले आला होता. कचरूभाऊनं सांगतलं, तो घरी गेला.

महामाया : आणि हे सगळं त्यांनी विहारात कोणालाच सांगितलं नाही. लोक काहीबाही बोलत राहिले तरी.

सत्यभामाबाई : सांगतलं असतं तं कोनी ना कोनी तिच्या तोंडावर बोललं असतं, का तू नवऱ्याले ओळखलं नाई. ते तिले लागलं असतं. मले बोलतात तं बोलू द्या, म्हने.

महामाया : आता घरी कसं असतं? खरं सांगा.

सत्यभामाबाई : मधून मधून होते. दोन-तीन दिवसाआड. दिवस कलला का तिले ते परके वाटतात. घरात कोन मानूस येऊन बसला म्हनून घाबरते. तुले ओळखते, मले ओळखते, एक त्याईलेच नाई. मग ते मांगच्या दारानं निघतात, शर्ट बदलून गल्लीतून फिरतात, आन पुढच्या दारानं घरात येतात. कधी एका फेरीत जमते, कधी तीन फेऱ्या लागतात. पळनं त्यांनी सोडलं.

महामाया : काल संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडत होते. आई आतून काहीतरी बोलली, माझं लक्ष नव्हतं. बाबा एकदम उठले आणि माझं बोलणं अर्धवट टाकून मागच्या दारानं निघून गेले.

सत्यभामाबाई : मंग?

महामाया : थोड्या वेळानं पुढच्या दारात आले, शर्ट बदललेला. मी म्हणाले, तुम्हाला पळून जाण्याशिवाय दुसरं येतं काय.

सत्यभामाबाई : ते काय म्हनले?

महामाया : चपला काढल्या, आत गेले आणि आईला म्हणाले, आज गाडी जरा लेट झाली.